धवल्यात घेतलेलं नाव

बाय, तू गेल्यापासून सारसोळ्यातल्या निम्म्या बायका तुझं शेवटचं बोलणं सांगत फिरतायत. एकीला म्हणे तू हात धरून सांगितलंस, पोरांना जप. दुसरीला म्हणालीस, माझं सगळं झालं, आता मी सुखाने जाते. तिसरीने तर आपल्या ओटीवर बसून, डोळ्याला पदर लावून, तुझं चांगलं लांबलचक भाषणच म्हणून दाखवलं. मी चहा देत होते. कप तिच्या हातात ठेवला. शेवटच्या वर्षभरात तुला एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं. हे मला माहीत आहे, आमच्या ह्यांना माहीत आहे, आणि त्या बाईलाही माहीत असणार, कारण तू तिच्या दारात रिकामी वाटी घेऊन उभी राहायचीस आणि साखर हवी की पीठ हे तिलाच ओळखावं लागायचं.

मी कुणाच्या बोलण्यावर पटकन विश्वास ठेवत नाही. हे मला पहिल्यांदा तूच सांगितलंस. मी नवी नवरी होते, तुझ्याबरोबर बाजारात गेले होते आणि पापलेटाचा कल्ला, ताजं आहे का म्हणून, एकदा उघडून बघितला, ठेवला, परत उघडून बघितला. तू हसलीस. "गो, तू मान्साचापन कल्ला उघरून बगशील," म्हणालीस. मासळीवाली पण हसली. थोरली जाऊ म्हणून तुला माझी थट्टा करायचा हक्क होता आणि धाकटी म्हणून मला ती मनात धरून ठेवायचा.

काल तुझा दहावा झाला. पाहुणे गेले, मांडलेल्या खुर्च्या परत गेल्या. आज मी तुझ्याच ओटीवर बसून लिहितेय, कारण आपल्या दोघींत एक गोष्ट तशीच राहिली. माझ्या पोराच्या लग्नात, भर मांडवात, जिथे माझं नाव यायचं तिथे तू तुझं नाव घेतलंस. ते विसरून झालं की मुद्दाम, एवढंच मला तुझ्या तोंडून हवं होतं. तू उत्तर न देता गेलीस.

तुला काय सांगायचं, पण उद्या नितेशच्या मुलाबाळांनी हे वाचलं तर त्यांना कळावं म्हणून लिहिते. आमच्यात लग्नाला भटजी नंतर, आधी धवलारीण. मांडव उभा राहिला की प्रत्येक विधीचा एक धवला असतो, आणि तो म्हणणारी ती धवलारीण. ती ओळ म्हणते, मागे बसलेल्या बायका ती ओढतात. आधी देवांना बोलावणं, मग गावाला, मग घरच्यांची नावं. नवरदेवाचा बाप अमका, आई अमकी. आईचं नाव आलं की तिने हळदीचं ताट घेऊन उठायचं आणि पाटावर बसलेल्या पोराला पहिली हळद लावायची. आणि धवला एकदा सुरू झाला की मध्ये तोडायचा नाही, चुकला तरी नाही. धवलारणीच्या तोंडून जे आलं ते आलं. मागच्यांनी ते ओढायचं.

सारसोळे, करावे, दारावे, पार बेलापूरपर्यंत तुझ्याशिवाय मांडव उभा राहत नव्हता. तुला लिहिता-वाचता येत नव्हतं. आदल्या दिवशी त्या घरातल्यांच्या तोंडून नावं ऐकायचीस, पान जमवता जमवता एकदा पुटपुटायचीस, आणि दुसऱ्या दिवशी सगळी नावं तुझ्या गळ्यातून जागच्या जागी यायची. मी दहावी पास होऊन ह्या घरात आले होते. तुझ्यासारखं पाठांतर मला आयुष्यात जमलं नाही.

तुझा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर, खाडीवर होडी घेऊन जायचे. ते फार लवकर गेले. तुला मूल नव्हतं. विधवेला हळद लावायला कुणी बोलावत नाही, पण धवला म्हणायला तिला कुणी अडवत नाही. गळ्याला कुंकू लागत नाही, असं तूच हसून म्हणायचीस. म्हणजे इतक्या लग्नांत तू मांडवाच्या मधोमध बसलीस, सगळ्यांना हळद लावायला तूच उठवलंस, आणि ताटाला स्वतः कधी बोट लावलं नाहीस. हे मी तेव्हाही बघत होते. बोलले नव्हते.

नितेश झाला तेव्हा मी रबाळ्याला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते. शिफ्टची नोकरी. खाली तू राहायचीस, वर आम्ही. पोर खालीच वाढलं. बोलायला लागला तसा तो तुला आई म्हणू लागला आणि मला मम्मी. हे त्याला कुणी शिकवलं हा माझा आणखी एक संशय आहे, पण तो आज काढत नाही. संध्याकाळी मी यायचे तेव्हा तो तुझ्या मांडीवर बसून भात खात असायचा. मी हात पुढे केले की आधी तुझ्याकडे बघायचा, मग माझ्याकडे यायचा. लहान पोरं असं करतातच. तरी त्याला कडेवर घेऊन जिना चढताना माझा जीव जळायचा, रोज थोडा थोडा.

आणि हेही खरं की तू नसतीस तर ती नोकरी टिकली नसती. पालकसभा दुपारी असायची, मला सुट्टी मिळायची नाही, म्हणून तू जायचीस. लुगडं चापूनचोपून नेसून, डोक्यात अबोलीचा गजरा न माळता, नुसतं तेल लावून. आल्यावर जिन्यात बसून बाईंचं बोलणं शब्दन् शब्द म्हणून दाखवायचीस, त्यांच्याच आवाजात, मधलं इंग्लिश सुद्धा जसंच्या तसं. "नितेश इज व्हेरी टॉकेटिव्ह." अर्थ तुला माहीत नसायचा, पण बाईंची मान कशी हलली तेही तू दाखवायचीस. मी हसून हसून जिन्याच्या कठड्याला टेकायचे. तुझी ती जीभ मला फार आवडायची, बाय. तिची मला भीतीही वाटायची.

म्हणून तुझे शब्द जायला लागले तेव्हा मी ते खरं धरलंच नाही.

आधी स्वयंपाकघरातले गेले. किसणीला तू 'ती खरबरी' म्हणालीस. मोबाईल 'तो बोलका' झाला. जन्म गेला बोंबील साफ करण्यात आणि एक दिवस टोपलीकडे बोट करून म्हणालीस, "ते मऊ घे." आम्ही हसलो, तूही हसलीस. मला वाटलं नवीन थट्टा काढली आहेस. मग 'ते हे' आलं. ते हे दे. त्या ह्यात ठेव. मी विचारायचे, कशात? तू चिडायचीस, मीच मुद्दाम समजून घेत नाही असं तुला वाटायचं. तुला माझा संशय आणि मला तुझा, अशा आपण एका चुलीपाशी उभ्या असायचो.

माझा संशय असा होता की तू सोयीने विसरतेस. कुणी दारात आलं की तू सरसावून बसायचीस. "बरी हास ना? पोरा कशी हायेत? जेवून जा गो." सगळं झरझर. पाहुणी जाता जाता मला बाजूला घ्यायची. "काय गो सुनंदा, चांगली त बोलते. उगाच टेन्शन घेता तुमी." आणि ती फाटकाबाहेर गेली की तू माझ्याकडे वळून विचारायचीस, "ही... ही कोन?" शिव्या तर एकूण एक शाबूत होत्या. मांजर सुकटीजवळ गेलं की त्याच्या सात पिढ्या निघायच्या. आणि तुला ब्लडप्रेशर म्हणून मी मीठ कमी घातलं की पहिल्या घासाला तू ताट सरकवायचीस आणि म्हणायचीस, "अलनी." हा शब्द बरा राहिला, असं मी ह्यांना म्हटलं. हे ताट घेऊन उठले. ह्यांना तुझी बाजूही घ्यायची नव्हती आणि माझीही.

धवल्यांचं तर विचारूच नकोस. दुपारी पडल्या पडल्या तू एखादा सुरू करायचीस तो शेवटपर्यंत. कुठे अडणं नाही, अडखळणं नाही. मी जिन्यात उभी राहून ऐकायचे. जिला किसणी म्हणता येत नाही तिला एवढं सगळं कसं येतं, हा हिशेब मला लागायचा नाही.

शेवटी नितेशने सुट्टी काढली आणि आपण वाशीला डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरीण तरुण होती, केस बारीक कापलेले. तुझ्यापुढे एकेक चित्र धरत गेली. चावी आली, घड्याळ आलं, उंट आला नाही. मग तिने गेंडा दाखवला. तू ते चित्र हातात घेऊन लांब धरलंस, जवळ धरलंस आणि म्हणालीस, "ह्याला मी कदी शिजवला नय." ती हसली. नितेश खुर्चीत मागे रेलून हसला. मी हसले नाही. ज्या बाईला उत्तर सुचत नाही तिला हे कसं सुचलं, असं माझ्या मनात आलं.

डॉक्टरीण म्हणाली, वय झालं की थोडंफार सगळ्यांचंच होतं, नाव ओठावर येऊन अडतं. ह्या आजींचं त्याहून पुढे गेलंय. आधी वस्तूंची नावं जातात, मग माणसांची. आज येतील, उद्या येणार नाहीत, परवा परत येतील. जे आयुष्यभर तोंडातून जात राहिलं ते टिकतं, म्हणजे विचारपूस, शिव्या, गाणी. गाण्याची वाट बोलण्यापेक्षा वेगळी असते. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या नाटक करत नाहीयेत, काकू." मी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. नितेशने आधीच फोनवर तिचे कान भरले असणार.

नितेशचं लग्न ठरलं तेव्हा धवला कोण म्हणणार हा प्रश्न आला. मी म्हटलं, दुसरी बाई बोलावू. नितेश म्हणाला, "आई म्हणेल. दुसरं कुणी मला नकोय." तुला विचारलं तर तू म्हणालीस, "मी हाय ना." अगदी स्पष्ट. आदल्या दिवशी मी स्वतः तुझ्यापुढे बसले आणि नावं सांगितली. बाप काशिनाथ. आई सुनंदा. तू माझ्यामागून म्हटलीस. माझं नाव मी तुझ्याकडून परत एकदा म्हणवून घेतलं. माझा स्वभावच तो.

दुपारी मांडव भरला. नितेश पाटावर, उघड्या अंगाने, लाजून हसत होता. तू समोर चटईवर, तुझ्यामागे बायका. आवाज थोडा घोगरा झाला होता, पण पहिली ओळ निघाली तशी मांडवातली सगळी कुजबुज थांबली. देव आले, गाव आलं, ह्यांचं नाव आलं. मी हळदीचं ताट उचलून अर्धी उठले होते. आणि तू म्हटलंस की नवरदेवाची आई चांगुणा.

मागच्या बायकांनी ओढलं, चांगुणा. रीतच तशी. एकीचा आवाज चिरकला, एकीने माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं, पण सूर कुणी सोडला नाही. ओळ दोनदा म्हणायची असते. तू दोनदा म्हटलीस.

मी ताट हातात धरून तशीच वाकलेली. बसू की उभी राहू ते कळेना. होणाऱ्या सुनेच्या, प्रियांकाच्या माहेरची माणसं बघत होती. मग मी ताट तुझ्यापुढे ठेवलं, जरा आपटूनच ठेवलं, आणि मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तिथून बघितलं. तू धवला न तोडता उठलीस. तुझे गुडघे तेव्हाच गेलेले, एरवी चटईवरून उठायला तुला दोन माणसं लागायची. त्या दिवशी तू जमिनीवर हात टेकलास, मग गुडघ्यावर टेकलास आणि कुणाचा आधार न घेता उभी राहिलीस. ताट घेऊन नितेशपाशी गेलीस. आधी पाय, मग गुडघे, खांदे, मग गाल. पायापासून वर, जशी लावायची तशी. त्याने डोळे मिटले होते. विधवेने हळद लावली म्हणून एरवी ज्यांनी आठवडाभर गाव डोक्यावर घेतलं असतं त्या सगळ्या गप्प होत्या, कारण धवल्यात नाव आलं होतं.

मला ते एकावर एक दोन तडाखे बसले. नाव घेतलंस तो एक. उठलीस तो दुसरा.

नंतर मी ज्याला त्याला विचारलं आणि सगळ्यांनी मला तेच सांगितलं. हे म्हणाले, "विसरली गं." नितेश म्हणाला, "मम्मी, ती आजारी आहे, तुला माहितीये ना." नवीन आलेली प्रियांका सुद्धा हळूच म्हणाली, "मम्मी, त्यांना कळलंच नसेल." सगळ्यांना एकच उत्तर इतक्या झटकन कसं सापडलं याचाही मला संशय आला. कुणीतरी म्हणायला हवं होतं की सुनंदा, तुझ्यावर अन्याय झाला. तेवढं म्हटलं असतं तर कदाचित मी तिथेच रडून मोकळी झाले असते.

मी तुझ्याशी बोलणं टाकलं. ताट प्रियांका खाली आणून द्यायची. आणि गंमत बघ, मी अबोला धरलाय हे तुला कळलं की नाही, हेही मला कळायला मार्ग नव्हता. तू जिन्याकडे बघून हसायचीस. मी हसण्याचाही अर्थ लावत बसायचे.

एकदा राहवलं नाही. दुपारची वेळ होती, तू ओटीवर सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होतीस. मी समोर बसले आणि म्हटलं, "बाय, माझं नाव सांग."

"सुनंदा." चटकन आलं.

"मग तेव्हा का नाही घेतलंस?"

तू हातातला सोडा खाली ठेवलास. माझ्याकडे बघत राहिलीस. ओठ हलले. "ते... त्या... मना..." आणि पुढे काही नाही. परत एकदा, "मना..." तुझ्या मानेची शीर ताठली होती. मग तू टोपली माझ्याकडे सरकवलीस, तूही निवड म्हणून. मी उठून वर गेले. बघ कशी टाळते, असं मी मनात म्हटलं. ते 'मना' कुठे जाणार होतं याचा विचार मी आता करते. मना आठवला नय, असं म्हणणार होतीस? की मना हलद लावायची व्हती?

पुढे तुझं बोलणं इतकं आटत गेलं की अबोला धरायला समोर कुणी उरलंच नाही. कोणी ठरवलं नाही, पण मी परत खाली यायला लागले. पेज भरवायची, केस विंचरायची, कुशीवर वळवायची. तू बोटाने पाणी दाखवायचीस, मी द्यायचे. कधी उगाच बोट दाखवायचीस, मी पाणीच द्यायचे. एकदा घास घेता घेता तू मला "आये" म्हणालीस. मी आजूबाजूला बघितलं. खोलीत मीच होते. पुढचा घास दिला. अख्ख्या घरात आई कोण याचा घोळ आपण दोघींनी मिळून पुरेसा घातला होता, त्यात आणखी एकाची भर.

शेवटी तू मला काय म्हणालीस असं बायका विचारतात. काही नाही म्हणालीस. पेजेचा घोट गिळलास आणि माझ्या पदराला तोंड पुसलंस. त्यांना हे सांगितलं की त्यांचा हिरमोड होतो.

आणखी एक सांगते, तुलाच सांगते. तू जायच्या महिनाभर आधी मी गॅसपाशी उभी होते, कढईत भजी सोडलेली, आणि मला झारा हा शब्द आठवेना. झारा समोर खिळ्याला टांगलेला. मी प्रियांकाला म्हटलं, "ते... ते हे दे." ती दोन क्षण माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी ओळखली. तुझ्याकडे मी तशीच बघायचे. भजी करपायला लागली तेव्हा तिने झारा दिला. मी नाटक करत नव्हते, बाय. शब्द कुठेतरी जवळच होता, त्याचा आकार सुद्धा जाणवत होता, आणि तोंडात येत नव्हता. फार घाबरायला होतं गं. तुला रोज किती वेळा होत असेल.

तर काल दहाव्याला करावेची भारती आली. तीच, जी तुझ्यामागे बसून धवला ओढायची. पाणी प्यायली, तुझ्या फोटोला हात जोडले आणि माझ्याजवळ येऊन बसली. बोलता बोलता म्हणाली, "तुज्या नितेशच्या आदी आमच्या भाचीच्या मांडवात पन तिनी तसाच केला व्हता."

"तसंच म्हणजे?"

"नवरीची आय म्हनून सोताचाच नाव घेतला. चांगुणा. दोनदा."

"मग?"

"मंग काय? आमी मागून तसाच ओढला. माजे भैनीनी ताट घेतला, हलद लावली, झाला. कोनी मनावर घेतला नय. म्हातारी बाय, इसरली."

"मला का नाही सांगितलंस तेव्हा?"

"तुजा तोंड बगून कोन सांगल गो?"

मला हायसं वाटायला हवं होतं. इतके दिवस उराशी धरलेला काटा निघाला, असं वाटायला हवं होतं. झालं भलतंच. आईच्या जागी तुला नाव सुचेना म्हणून सगळ्यात जुनं, सगळ्यात तोंडात बसलेलं नाव आलं, तुझं स्वतःचं. करावेत आलं, इथे आलं, कुठेही आलं असतं. त्यात माझा काही संबंध नव्हता. आणि मी समजत होते की तू मला काहीतरी सांगितलंस. इतकी वर्षं एका घरात वरखाली राहून जे आपण कधी बोललो नाही ते तू शेवटी भर मांडवात, सगळ्यांदेखत, तुझ्या हक्काच्या जागेवर बसून सांगितलंस. मी त्याचा राग केला, पण राग करायला कुणीतरी समोर होतं. भारतीच्या म्हणण्याप्रमाणे तिथे कुणी नव्हतंच. मग मी जिन्यात उभी राहून कुणाशी भांडत होते? भारती माझ्या पाठीवर हात फिरवत होती. तिला वाटलं तुझ्यासाठी रडतेय. तुझ्यासाठीच रडत होते म्हणा.

पण मी माणसाचा कल्ला उघडून बघणारी. भारती पिशवी घेऊन उठली तशी मी तिला दारात गाठली.

"भारती, तुमच्या मांडवात नाव घेतल्यावर ती उठली होती का? हळद लावायला?"

"नय गो, ती कशाला उठल? बसूनच व्हती, डोले मिटून. पुरा धवला म्हनली न् मंग पानी मागितला."

"नक्की?"

"अगो मी मागंच बसलेली ना! तिचे गुडघे कसे व्हते, तुला म्हाईत नय?"

मला माहीत होतं. मीच तिळाचं तेल चोळायचे त्यांना.

भारती गेली. पाहुणे जेवून एकेक करून निघाले. नितेश, मुंडण केलेला, ओटीच्या पायरीवर मोबाईल हातात घेऊन नुसता बसून होता, बघत काही नव्हता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याला विचारावंसं वाटलं, हळद लावताना आई तुला काही म्हणाली का रे? विचारलं नाही. म्हणाली असेल तर ते तुम्हा दोघांचं.

नाव तू विसरलीस, बाय. हे मी आज मान्य करते. डॉक्टरीण खरी, हे खरे, नितेश खरा, सगळे खरे. पण उठलीस ते कशात बसवायचं? करावेच्या पोरीसाठी तू जागची हलली नाहीस. इथे हललीस. तोंडाने तुझा विश्वासघात केला असेल, ताट मी रागाने पुढ्यात टाकलं असेल, तरी पाटावर कोण बसलंय हे तुला पुरतं माहीत होतं. जे ताट तुझ्या वाट्याला कधी येणार नव्हतं ते समोर आलं आणि तू इकडेतिकडे बघितलं नाहीस, मला विचारलं नाहीस, गावाला विचारलं नाहीस. शब्द गेल्यावरही तुझ्यात एवढी होतीस तू.

लोक आता तुला आजारी होती म्हणून सोडून देतायत. बिचारी, तिला काय कळत होतं, म्हणतायत. माझ्यासमोर म्हणाले तर मी त्यांना थांबवणार आहे. तुला कळत होतं. तुला त्याला हळद लावायची होती.

लावलीस ते बरं केलंस.